मागचं डावं दार

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाडीचं मागचं डावं दार एकशे तेराव्यांदा लावलं गेलं, आणि ते लागलं. लावणाऱ्याने ते बाहेरून ओढून पाहिलं, खांद्याने रेटून पाहिलं, मग शर्टाच्या खिशातून जाड पुठ्ठ्याचं कार्ड काढून त्यावर वेळ लिहिली, आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं : ठीक.

कार्डावर वरपासून खालपर्यंत तोच शब्द होता. दुसरा कुणी इतकं 'ठीक' पाहून सुखावला असता. या माणसाला ते नको होतं. त्याला बिघाड हवा होता, आणि अकराच्या आत हवा होता.

अकरा वाजता कोर्टाने नेमलेल्या बाई गाडी बघायला येणार होत्या. त्यांचा अहवाल सोमवारी कोर्टात जाणार होता, आणि त्याची सात वर्षांची मुलगी यापुढे रविवारी त्याच्याकडे येणार की नाही, हे त्या अहवालावर ठरणार होतं.

आजूबाजूला त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. अठरा वर्षं तो लिफ्टची देखभाल करत होता. लिफ्ट बिघडते ती बहुतेक वेळा दारापाशी, त्यामुळे दारं, कड्या आणि खिट्ट्या यांच्याशी त्याचा रोजचा संबंध. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. मुलगी आईकडे राहायची. रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बापाकडे. या दोन वर्षांत त्याने एकही रविवार चुकवला नव्हता, तापात फणफणत असतानासुद्धा.

तेरा दिवसांपूर्वीच्या रविवारी तो तिला परत सोडायला निघाला होता. सहाला पंधरा मिनिटं कमी होती. चौकातल्या गोल वळणावर गाडी वळली आणि मागचं डावं दार सताड उघडलं. मुलगी त्याच दाराशी बसली होती. वेग फार नव्हता, पट्टा बांधलेला होता. तिच्या मांडीवरची रंगपेटी रस्त्यावर पडली, खडू चहूकडे घरंगळले, मागच्या स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक लावला आणि दोन शब्द सुनावले. मुलीला ओरखडाही उठला नाही.

"दार कसं गं उघडलं?" त्याने विचारलं होतं.

"आपोआप," ती म्हणाली होती.

त्याने ते जसंच्या तसं तिच्या आईला सांगितलं, उंबऱ्याबाहेर उभं राहून. लपवाछपवी त्याच्या धंद्यात बसत नव्हती. तिच्या आईने शांतपणे ऐकून घेतलं, मुलीला आत घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी वकिलामार्फत अर्ज केला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत भेटी बंद. गेला रविवार रिकामा गेला.

"काय, रुसलंय का अजून?" ताई चहाचा कप घेऊन बाहेर आली. ताई त्याची थोरली बहीण. घटस्फोटानंतर चार दिवसांसाठी म्हणून आली, ती शिलाई मशीन घेऊन कायमचीच राहिली. पुढच्या खोलीत कपडे उसवून, शिवून द्यायची. मोजायची टेप तिच्या गळ्यात सकाळपासूनच असायची.

"एकशे तेरा," तो म्हणाला.

"एकशे तेरा वेळा लागलं ना? मग गॅरेजवाल्याचा तो कागद बाईंच्या हातावर ठेव आणि आंघोळीला जा. अवतार बघ तुझा, भूत परवडलं."

"काय लिहिलंय कागदावर?"

"दोष आढळला नाही. मग? चांगलंच आहे की."

"दोष नाही, तर दार उघडलं कुणी?"

कप बॉनेटवर ठेवून ताई आत गेली.

सगळा घोळ तिथेच होता. कुलूप खराब निघालं तर तो निष्काळजी बाप ठरत होता; पण कुलूप बदलता येतं, पावती दाखवता येते, माफी मागता येते. कुलूप चांगलं निघालं, तर त्या दाराशी दुसरा हात एकच होता. मग अहवालात एवढंच लिहायचं राहील की, मुलगी बापाच्या चालत्या गाडीतून बाहेर पडायला बघत होती. त्यावर पावती मिळत नाही. त्यानंतर रविवार कुठला.

त्याने एकशे चौदाव्यांदा दार लावलं.

"लिफ्टवाले, हे एकशे सतरावं बरं का," वरून आवाज आला. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खिडकीच्या गजांना धरून उभे होते.

"चौदावं, मास्तर."

"काल संध्याकाळी बातम्या चालू असताना तीनदा लावलंत, ते कोण धरणार? जन्मभर हजेरी घेतलीय मी."

लिफ्टवाल्याने आठवून पाहिलं. मास्तरांचं बरोबर होतं. तेव्हा कार्ड अजून हातात घेतलं नव्हतं. त्याने वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, नोंद न केलेले तीन. आणि पुढे लिहिलं, ठीक.

पावणेआठला त्याने दाराचं आतलं पॅड सोडवलं. हँडलच्या वाटीमागचा स्क्रू, खालचे दोन, मग कडेकडेने पट्टी सरकवत एकेक क्लिप. दोन क्लिपा टचकन तुटल्या. पॅडच्या मागे काळ्या डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद होता, तो त्याने जखमेवरची पट्टी सोडवावी तसा हळूहळू ओढला. आत बॅटरी मारली.

कुलपाची रचना साधी होती. दार लावलं की गाडीच्या खांबावरची लोखंडी कडी कुलपाच्या आकड्यात शिरते, आकडा फिरतो आणि मागून खिट्टी पडून त्याला धरून ठेवते. खिट्टी दोन टप्प्यांत पडते, कान दिला तर दोनदा टक असा आवाज येतो. पहिल्याच टप्प्यावर अडकली तर दार वरून लागल्यासारखं दिसतं, पण हिसका बसला की उघडू शकतं. त्याला हवी होती ती ही गोष्ट. एकदा पहिल्या टप्प्यावर अडकलेलं दाखव, बाकी काही मागत नाही, असं तो मनातल्या मनात त्या कुलपाला म्हणाला. मग स्वतःचीच लाज वाटून त्याने बाहेरच्या हँडलचा गज तपासला. ताण बरोबर. आतल्या हँडलची तार सोडून, ओढून पाहिली. कुठे अडत नव्हती. केस वाळवायच्या मशीनने कुलूप गरम केलं, ओल्या फडक्याने गार केलं. टक, टक. ठीक.

साडेआठला त्याने उजव्या बाजूला जॅक लावून गाडी डावीकडे कलती केली, वळणावर कलली असेल तशी, आणि ताईला आत बसवलं.

"दारावर रेल. अजून. सगळं अंग टाक."

"टाकलंय. याहून जास्त अंग माझ्याकडे नाही." ताईचा गाल काचेला चिकटला होता. "आणि हे बघ, त्या कार्डावर माझं वजन लिहिशील तर याद राख."

त्याने बाहेरून पत्र्यावर बुक्क्या मारल्या, गाडी खांद्याने हलवली. ताई आत डोलत राहिली. दार ढिम्म. त्याने लिहिलं : ताई आत, गाडी कलती, वजन लिहू नये. ठीक.

ती खाली उतरली, पण घरात गेली नाही. तिथेच उभी राहून मागच्या सीटकडे बघत राहिली.

"एक विचारू? चिडणार नसशील तर."

"विचार."

"तिचा हात पोचतो का तिथपर्यंत? पट्टा बांधलेला असताना?"

तेरा दिवसांत त्याने या गाडीत जे जे मोजता येईल ते सगळं मोजलं होतं. एवढं एकच माप घेतलं नव्हतं, आणि घेतलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ताई आत गेली आणि खुंटीवरचा निळा स्वेटर घेऊन आली. थंडीत तिनेच तो विणला होता, रविवारपुरता इथेच असायचा. तिने सीटला मुलीचा पट्टा लावला, पट्ट्याच्या आत मुलीच्या जागी उशी ठेवली, स्वेटरची खांद्याची शिवण जिथे खांदा येईल तिथे अंगठ्याने दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने बाही दाराकडे ताणली. बाही हँडलच्या अलीकडे बोटभर संपली. मग तिने गळ्यातली टेप काढली.

"बाही मनगटापर्यंत. पुढे पंजा." तिने टेप धरली. "पोचतो रे. चार बोटं जास्तच."

तिने स्वेटरची घडी घातली. तो टेपकडे बघत उभा होता. तळहाताला ग्रीस होतं, म्हणून चेहऱ्यावरचा घाम त्याने मनगटाने पुसला.

"पोचतो म्हणजे उघडलंच असं नाही," ताई म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू म्हणत नाहीस, तेच तर."

हे दार आतून उघडत होतं, कारण त्याने ते तसं ठेवलं होतं. मागच्या दारांच्या कडेला एक छोटी पांढरी पट्टी असते. ती वर केली की आतलं हँडल मेलं. लहान मुलं असलेल्या घरात ती वरच असते. याने मुलीच्या पहिल्याच रविवारी ती खाली करून ठेवली होती. कामाला लागला त्या वर्षी बंद पडलेल्या एका लिफ्टमधून त्याने एका बाईला बाहेर काढलं होतं. चार तास ती आत होती. तिच्या नखांत लिफ्टच्या दाराचा हिरवा रंग भरलेला होता. आत माणूस आहे आणि त्याला दार उघडता येत नाही, ही कल्पना तेव्हापासून त्याला सहन होत नसे. घरातल्या न्हाणीघराची कडीसुद्धा त्याने बाहेरूनही सोडवता येईल अशी बसवली होती, आणि त्यावरून ताईची बोलणी खाल्ली होती.

साडेनऊला त्याने कुलूपच दारातून सोडवून काढलं. पायरीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं. हातात कानस होती. खिट्टीचं टोक भाताच्या शिताएवढं. तीन वेळा कानस फिरवली की टोक बोथट होणार, खिट्टी घसरणार, बिघाड हवा तेव्हा दिसणार.

ताई दारात उभी होती. "तुला बिघाडच हवाय ना?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "मग कर तयार. मी आत जाते. मी काही बघितलं नाही."

त्याने कानस खिट्टीवर टेकवली. किती वेळ टेकवून ठेवली, त्याची नोंद कार्डावर नाही. मग ती उचलून पेटीत टाकली.

"जमत नाही?"

"उद्या अशा खिट्टीच्या भरवशावर कुणी वर-खाली करेल, असं वाटतं."

"अरे, ही लिफ्ट नाही."

"माहितीय गं."

आणि याच घालमेलीत त्याच्या हातून चूक झाली. लिफ्टच्या कामात नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात : सुटा भाग हातात आला की आधी पूस, मग बघ. अठरा वर्षांची सवय. डोकं त्या कानशीत अडकलेलं होतं. हाताने आपोआप फडकं घेतलं, पेट्रोलमध्ये बुडवलं आणि कुलपाच्या पोटातलं जुनं ग्रीस पुसून टाकलं. फडक्यावर ते मेणासारखं निघालं, घट्ट, पिवळट, मध्ये वाळू. अर्धं पुसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की, खिट्टी अडत असलीच तर ती याच्यामुळे अडत असणार. आणि आता ते कुलपात नव्हतं, फडक्यावर होतं.

तो मटकन पायरीवर बसला. त्याच्या वस्तादाने एखाद्या पोराला याच कारणासाठी कामावरून घरी पाठवलं असतं. आधी बिघाड बघायचा, मगच हात लावायचा. हे तो स्वतः आता नव्या पोरांना सांगत असे, आणि वर दरडावत असे.

उरलेलं अर्धं त्याने पुसलं नाही. कुलूप तसंच परत बसवलं. दहा वाजून बावीस मिनिटांनी दार लावलं. एकदाच टक झालं.

दुसरा टक आला नाही. दार बंद दिसत होतं, कडा पत्र्याशी जवळपास जुळलेली होती. पण छतातला दिवा चालू राहिला होता. त्याने दोन बोटांनी दार ओढलं. दार सुटून हातात आलं.

"ताई," त्याने हाक मारली. "ताई, ये गं."

ती आली तोवर त्याने दार पुन्हा लावलं होतं. टक, टक. दिवा विझला. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. एकतीस वेळा लावलं. एकतीस वेळा ठीक.

"मास्तर," त्याने वर पाहून विचारलं, "मघाशी एकदा अर्धवट लागलं, ऐकलंत?"

मास्तर खिडकीत नव्हते. आतून नळाचा आवाज येत होता.

"लिहून ठेव," ताई म्हणाली. "झालं एकदाचं. मिळाला बिघाड."

त्याने लिहिलं : १०.२२, पहिल्या टप्प्यावर अडकलं, एकदाच. पेन तिथेच थांबलं. मग त्याने पुढे लिहिलं : कुलूप खोलून, अर्धं पुसून परत बसवल्यानंतर.

"एवढं कशाला लिहायचं?" ताई वैतागली. "तुला कोर्टात जिंकायचंय की शाळेत?"

त्याला हे कसं समजवावं कळेना. खोललेल्या वस्तूत सापडलेला बिघाड कुणाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. मूळचा असेल, किंवा खोलणाऱ्याने घातलेला असेल. त्याचा जीव एका टकवर टांगलेला होता, आणि तो टक त्याच्याच बोटांचा असू शकत होता.

कोर्टाच्या बाई अकराला पाच मिनिटं असताना आल्या. पन्नाशीच्या, सपाट चपला, काखेत कापडी पिशवी. ताईने दिलेलं पाणी त्यांनी उभ्यानेच प्यायलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, उघड्या पोटाच्या दारात डोकावल्या, आणि अंगणाच्या कठड्यावर बसल्या.

"गॅरेजला दाखवली होती ना?"

त्याने घडी घातलेला कागद दिला. त्यांनी वाचला.

"आणि हे?"

त्याने कार्ड दिलं. बाईंनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ताईच्या वजनाशी आल्या तेव्हा त्यांनी चष्म्यावरून एकदा ताईकडे पाहिलं. ताईने पदर सारखा केला.

"दहा बावीसचं हे जरा सांगा."

"वरून लागल्यासारखं दिसतं, पण आत खिट्टी पूर्ण बसलेली नसते. वळणावर उघडू शकतं."

"हे कुलूप खोलल्यानंतर घडलं."

"हो."

"मग त्या रविवारीही ते असंच अडकलं होतं, असं तुम्ही खात्रीने सांगाल?"

तेरा दिवस तो या एका प्रश्नाची वाट बघत होता. उत्तर तोंडपाठ होतं.

"नाही," तो म्हणाला.

ताईने कपाळाला हात लावला.

"खात्रीने नाही," तो घाईघाईने म्हणाला. "पण तुम्ही तसं लिहा ना. गाडी माझी, कुलूप माझं, चूक माझी. नवीन कुलूप आणतो, आजच आणतो. नाहीतर गाडीच काढून टाकतो, तिला बसने आणेन, चालत आणेन. तुम्ही म्हणाल तिथे सही करतो. फक्त तिला विचारू नका, बाई. लहान आहे ती. तिला वाटेल आपल्यामुळे झालं."

"माझं तिच्याशी बोलणं झालंय. गुरुवारी, शाळेत."

त्याने कठड्याला हात टेकला. "काय म्हणाली?"

"ते तिने मला सांगितलंय." बाईंचा आवाज कडक नव्हता. "तुमच्यापर्यंत ते माझ्याकडून येणार नाही. मुलांचं लॉक लावलेलं होतं?"

"नाही. मी लावत नाही."

"का?"

त्याने सांगितलं. हिरव्या रंगासकट सांगितलं. बाई लिहीत होत्या.

"तिला आतून दार उघडता येतं?"

"येतं. मीच शिकवलं. पहिल्याच रविवारी, तीनदा करून घेतलं तिच्याकडून."

"काय सांगून शिकवलंत? शब्द आठवत असतील तर त्याच शब्दांत सांगा."

"गाडीत काही झालं, आणि बाबा बोलेनासा झाला, तर घाबरायचं नाही. हे हँडल ओढायचं, दार उघडायचं आणि बाहेर व्हायचं."

बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. लिहिताना पुटपुटत लिहिलं. बाबा बोलेनासा झाला, इथे त्यांचं पेन थांबलं.

"त्या रविवारी चौकात आलात, तेव्हा तुम्ही तिच्याशी बोलत होतात?"

त्या रविवारी निघताना मुलीने विचारलं होतं, पुढच्या रविवारी मैत्रिणीचा वाढदिवस आहे, मी नाही आले तर चालेल का? तो 'बघू' म्हणाला होता. मग चौक येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नव्हता. पोरीवर राग नव्हता. रविवार हातातून जातोय याचंच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की त्याची दातखीळ बसायची. तिने मागून 'बाबा' अशी हाक मारली होती. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. त्याने ऐकली होती.

"नाही," तो म्हणाला. "बोलत नव्हतो."

बाईंनी त्याला मुलांचं लॉक आपल्यासमोर लावायला सांगितलं. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पांढरी पट्टी वर केली. मग बाईंनी त्यालाच मागच्या सीटवर, मुलीच्या जागी, बसायला सांगितलं आणि बाहेरून दार लावलं. टक, टक. त्याने आतलं हँडल ओढलं. ते फुकट हललं. त्याने पुन्हा ओढलं, पुन्हा ओढलं. काचेपलीकडे बाई काहीतरी लिहीत होत्या. तो चौथ्यांदा ओढतोय हे पाहून ताईच पुढे झाली आणि तिने बाहेरून दार उघडलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. गॅरेजचा कागद आणि कार्ड दोन्ही त्यांनी पिशवीत ठेवलं. "कार्ड मला लागेल. चालेल ना?"

अहवाल सोमवारी दुपारी कोर्टात दाखल झाला. त्यात काय आहे ते वकिलालाही कळलं नाही. पाकीट न्यायाधीशांसमोरच उघडायचं होतं आणि तारीख मिळाली ती पुढच्या महिन्याच्या नऊची. तोवर भेटी बंद. जुन्या आदेशातला बुधवारचा फोन मात्र कुणी थांबवला नव्हता, संध्याकाळी सहा ते सव्वासहा.

बुधवारी सहा वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला. मुलगी शाळेतल्या पाटीबद्दल बोलली, हलणाऱ्या दाताबद्दल बोलली, आत्या काय करतेय ते विचारलं. आत्या एका गिऱ्हाईक बाईंचा झगा सैल करतेय, असं त्याने सांगितलं. "त्या बाईंनी सांगितलंय, झगा आटला, मी नाही वाढले," हे ऐकून ती हसली. मग थोडा वेळ दोघंही गप्प राहिले.

"बाबा?"

"हं. आहे मी, बोलतोय," तो लगेच म्हणाला.

"दार झालं दुरुस्त?"

"झालं."

"आता उघडणार नाही?"

"नाही."

"आतून पण नाही?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आतून पण नाही," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

ते बरं कसलं होतं, हे त्याला कळलं नाही. सुटल्यासारखं होतं, की अडकल्यासारखं. पलीकडे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज झाला, तिच्या आईने काहीतरी विचारलं, मुलीने "हो, बाबाशीच" असं उत्तर दिलं आणि ती परत फोनवर आली. ताईने मशीन थांबवलं होतं. तिने भुवया उंचावून खुणेने विचारलं, विचारलंस का? त्याने मान हलवून नाही म्हटलं.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. फोन चालू होता.